अष्टमीची पूजा आणि मुळापासूनचा पत्ता

अवसरी बुद्रुकजवळच्या आमच्या वस्तीवर देवीचे लहानसे देऊळ आहे. तिची पूजा बांधण्याचे भाग्य मला पुष्कळ वर्षे लाभले. थोरल्या बहिणीचा नेम असा, की अष्टमीला त्या दिवशीच्या पूजेतले मुखदर्शन झाल्याखेरीज ती पाणीही घेत नसे. उतारवयात ती नातवाकडे नागपुरास गेली, गुडघ्यांनी प्रवास थांबवला. नेम मात्र थांबला नाही.

त्या सुमारास मंचरला राजस्थानातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या मराठी झालेल्या एका जैन व्यापारी घरातील सून संगणकाचे वर्ग चालवीत असत. त्यांनी हौसेने देवळाचे संकेतस्थळ केले. नवरात्रात त्या सकाळी येऊन छायाचित्र घेत आणि त्यावर चढवीत. नातू नागपुरात संगणक उघडी, बहीण हात जोडी.

एका अष्टमीला दुपारी शेजारच्या घरी नातवाचा फोन आला. पहिल्या पानावर देवी दिसते, पण ते तिचे नेहमीचे रूप. अष्टमीच्या पानावर नुसती रिकामी चौकट. आजी म्हणते, आजची पूजा पाहीन तेव्हाच पाणी. ऊन चढले होते आणि तिचे वय मला ठाऊक होते. मी मिळेल त्या जीपने मंचर गाठले.

सूनबाईंनी ते पान उघडले मात्र, कपाळाला हात लावला. आदल्या दिवशी त्यांनी आवराआवर करून उत्सवाची सर्व पाने एका वेगळ्या कप्प्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, आत ठेवली होती, आणि तपासले होते केवळ पहिले पान. छायाचित्रे जुन्याच जागी होती. पानावर छायाचित्रांचा पत्ता लिहिला होता तो असा, की माझ्या शेजारच्या कप्प्यात पाहा. पान आत गेले आणि त्याचा शेजार बदलला.

“आमच्या सासूबाईंना पत्ता विचारला की त्या ‘आपल्या दुकानापलीकडं’ म्हणतात. मी त्यांना हसते, गुरुजी, आणि इथं तेच केलं.”

मी म्हणालो, संकल्पात आम्ही ‘येथे’ असे म्हणून भागवीत नाही. भरतखंड, जंबुद्वीप, दंडकारण्य, गोदावरीचे दक्षिण तीर, असे उतरत मग आसनापाशी येतो. कर्ता कोठेही बसलेला असो, आरंभ तोच.

त्या कळफलकाकडे वळल्या. “मग तुमचं भरतखंड म्हणजे आमची ही तिरकी रेघ,” असे म्हणून त्यांनी छायाचित्राच्या पत्त्याच्या अगदी आरंभी एक रेघ दिली. आता पान कोणत्याही कप्प्यात असले तरी शोध स्थळाच्या मुळापासूनच सुरू होणार होता. सर्व पाने त्यांनी तशी सुधारली, आणि या खेपेस एकेक उघडूनही पाहिली.

तिथूनच नागपुरास फोन लावला. नातवाने पान पुन्हा उघडले. तो आजीला हाक मारताना ऐकू आला. मग भांड्याचा आवाज आला, आणि पाणी पिऊन झाल्यावर बहीण स्वतः बोलली.

“नथ तिरपी बसलीय रे. आरतीच्या आधी सरळ कर.”

मी परतलो, स्नान केले, आणि गाभाऱ्यात जाऊन पाहिले. नथ खरोखरच तिरपी होती.