कणसरीची काच

अनंतराव गेल्याची बातमी डहाणूहून आलेल्या गाडीवानानं दिली. समुद्राचे फोटो काढायला गेले होते. तापानं तिथंच अंथरूण धरलं आणि बघता बघता... गाडीत त्यांचा कॅमेरा, तिपाई आणि फोटो टिपायच्या काचांची पेटी गवतात नीट बसवलेली होती. मला आधी रागच आला. सामान धड आलं, माणूस नाही!

मी जव्हार दरबारात कारकून. सुट्टी मिळाली की त्यांच्या मागे हिंडायचं आणि चौकशा करून भंडावून सोडायचं, अशी आमची मैत्री. ते डोंगर, खाड्या, शेतं यांचेच फोटो काढत. माणूस मध्ये आला तर हात जोडून त्याला बाजूला करत.

एका वर्षी खोडाळ्याजवळ पिकलेल्या भाताच्या उतारावर त्यांनी कॅमेरा लावला. ऊन असं तिरपं पडलं होतं की मलाही गप्प बसावंसं वाटलं. फोटो झाला, तोच शेताची मालकीण बुधीआजी आडवी आली. "नवा भात आमी अजून तोंडात घातला नाय. पयलं कणसरीला, मंग मानसाला. नि तू तं अख्खं शेत पेटीत घातलास!" कणसरी ही तिकडची धान्याची देवी. तिची पूजा होईपर्यंत काच तिच्यापुढं राहील, असा निवाडा झाला. धुण्याआधी उजेड लागला तर काच वाया जाते, हे बजावून अनंतरावांनी ती काळ्या कागदात गुंडाळून आजीच्या हाती दिली. पूजेनंतर गेलो, तर आजीनं ती केव्हाच उघडली होती. "झाकून ठेवल्यावर देवी काय बघंल, दादा?"

आता भडका उडणार म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. अनंतराव आपले हसले, "खरंच की!" तेव्हापासून दर सुगीची पहिली काच ते न धुता आजीकडं नेत आणि देवीपुढं उघडवून घेत. तिच्यावर काय टिपलंय, हे मी नेहमी विचारायचो. "ज्याचं त्याला," एवढंच उत्तर. पुढच्या सुगीला मी पुन्हा विचारायचोच.

यंदाची काच पेटीत तशीच होती, देवीची म्हणून लाल दोरा बांधलेली. अनंतरावांच्या पत्नी राधावहिनी ती हातात घेऊन बसल्या. "बघावंसं फार वाटतंय हो. पण देवीचं आपण कसं ठेवून घ्यायचं? तुम्ही नेऊन द्या." मी निघालो. वाटेत गुपचूप धुऊन घ्यावी, असं मनात आलंच. मी काही संत नाही.

बातमी ऐकून आजी कितीतरी वेळ दोरा चाचपत राहिली. मग काच माझ्या हातात परत ठेवली. "कणसरीनं लय बघितलं. औंदा त्याचे बायकोला बघू दे."

नाशिकच्या एका फोटोवाल्याकडून ती धुऊन, छापून आणली. भाताचा उतार, तिरपं ऊन, आणि पिकावर पसरलेली एक लांब सावली: तिपाई, तिच्या शेजारी टोपी हातात घेऊन उभा असलेला माणूस. आपली सावली चौकटीत येऊ नये म्हणून दहादा जागा बदलणारे अनंतराव! ही चूक त्यांच्या हातून होणं नाही. म्हणजे दर वर्षी ते स्वतःच देवीपुढं जाऊन उभे राहत होते की काय?... आता कुणाला विचारू?

त्यांचा दुसरा फोटो घरात नाही. वहिनींनी हा माजघरात लावलाय. येणाऱ्याला त्या आधी शेत दाखवतात, मग सावलीवर बोट ठेवून हळूच म्हणतात, "आणि इथं हे उभे आहेत."