गाडीच्या पोटाखाली

वाहनांच्या प्रदर्शनात उद्याची गाडी म्हणून विजेवरची एक व्हॅन ठेवली होती. शेजारी तिचा नुसता सांगाडा होता, चार चाकं आणि मधे बॅटरीचा सपाट तळ. माझा धाकटा भाऊ विलास स्वतःच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सायलेन्सर बनवतो. नवी गाडी दिसली की तो आधी वाकून तिच्या पोटाखालचा सायलेन्सर बघतो.

“भावोजी, काही पडलं का?” माझ्या बायकोने नेहमीची थट्टा केली.

तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, “वहिनी, इथे काहीच नाही.”

धूर नाही, आवाज नाही. मुलांसाठी मलाही हेच हवं आहे. हिशेब चोख आहे, फक्त त्यात विलास कुठे धरलाय ते सापडत नाही.

बाहेर एक जुनी रिक्षा फटफटत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत विलास बघत राहिला.