मागच्या ओळीचे इंग्रजी

"तुझ्या जिभेला हे वळायचं नाही. पुस्तक पुढे दे."

गुरुजींनी माझ्या हातातले इंग्रजीचे पुस्तक काढून पुढच्या ओळीत दिले. वर्ग हसला. चिंचवडजवळची प्राथमिक शाळा, पाचवीचा वर्ग, सत्तरच्या दशकाची सुरुवात. इंग्रजी नुकतेच सुरू झाले होते. माझे एकही अक्षर चुकले नव्हते, कारण मला एकही अक्षर विचारले गेले नव्हते.

माझे वर्गबंधू आज सांगतात, गुरुजी कडक होते, पण भेद करीत नसत. साफ खोटे. पुढच्या ओळीतल्या मुलांना ते शब्दावर बोट ठेवून वाचायला लावीत. मूल अडले की थांबत, पुन्हा वाचून घेत. आम्ही बौद्धवस्तीतली मुले मागे. आम्ही नुसते त्यांच्यामागून एका सुरात ओरडायचे. ज्याच्या घरी इंग्रजी नाही त्याला ते वाचता येणार नाही, अशी गुरुजींची खात्री होती. पुढच्या ओळीतल्या किती घरांत इंग्रजी होते, हे मात्र त्यांनी कधी विचारले नाही.

तपासणीला साहेब येणार होते. गुरुजींनी आमच्याकडून एक धडा घोकून घेतला. "पुस्तक उघडं धरायचं, नजर खाली ठेवायची आणि म्हणत जायचं. पान मी काढून देईन."

घरी मी तो धडा घडाघडा म्हटला. कंपनीत दुसऱ्या पाळीला निघालेले वडील दारातच थांबले. आनंदाने त्यांनी छातीवरचा, इंग्रजी अक्षरांचा कंपनीचा बिल्ला काढून पुढे केला.

"ह्ये वाच की."

मला येईना.

"मंग आत्ता म्हनलास त्ये काय व्हतं?"

ते बिल्ला लावून कामाला निघून गेले. रागावले असते तर बरे झाले असते.

साहेब आले. माझी पाळी आली. गुरुजींनी पुस्तक हातात देऊन पान काढून दिले. मी पुस्तक मिटले.

"वाच," साहेब म्हणाले.

"मला वाचता येत नाही, साहेब. पाठ येतं. आम्हाला वाचायला शिकवलंच नाही."

साहेबांनी शेजारच्या मुलाला पानाच्या मधला एक शब्द दाखवला. तो बिचारा धडा पहिल्यापासून म्हणू लागला. त्या दिवशी वर्गात कोणी हसले नाही.

साहेब गेल्यावर गुरुजींनी छडी घेतली. "वर्गाची अब्रू घालवलीस!"

"उद्यापासून पुस्तक माझ्या हातात पाहिजे, गुरुजी."

छडी मिळाली. पुस्तक मिळाले नाही. साहेबांनी काय केले? काही नाही. मी वाचायला शिकलो ते पुढे, दुसऱ्या शाळेत, माझ्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून. शेजारचा तो मुलगा शिकलाच नाही.

परवा त्या पहिल्या शाळेत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पुढच्या ओळीतला एकजण माइकवर म्हणाला, "गुरुजींनी वस्तीतल्या पोरांनासुद्धा फाडफाड इंग्रजी वाचायला लावलं, राव!" टाळ्या पडल्या. मी उठलो.

"बसा हो, म्हातारपणी कशाला उकरता?" कोणीतरी म्हणाले.

बसलो नाही. सगळे सांगितले, शेजारच्या त्या मुलाच्या नावासकट. निम्मे लोक जेवायला निघून गेले. जाऊ देत. पुढच्या मेळाव्याला मी येणार, बोलावले नाही तरी येणार. माझा आवाज चालतो तोवर त्या शाळेत हे खोटे बिनविरोध बोलले जाणार नाही.