हेल्मेटमधली बडबड

कुपवाडच्या रस्त्याला चहाच्या गाड्यावर तो रोज संध्याकाळी यायचा. स्कूटर स्टँडवर लावायचा, मोबाइल डिकीत कोंबायचा आणि हेल्मेट न काढताच सीटवर बसून आतल्या आत बडबडायचा. रंगात आला की हातवारेही करायचा. मला वाटलं, गड्याला नाटकात काम मिळालंय! एके दिवशी मला राहवेना. चहाचा कप घेऊन मी त्याच्याजवळ गेलो.

"कुठलं नाटक हो?"

त्यानं काच वर केली. "आवं, नाटक कुठलं! कारखान्याच्या हापिसात हाय मी. दिवसभर 'व्हय सायेब' म्हणायचं. घरी जायला बॅग उचलली, की सायेब म्हणणार, 'पाच मिनिटं बसा.' मग तासभर झाडणार. त्येची उत्तरं हितं देतो."

"बायकोला द्यायची की घरी!"

तो हसला नाही. "तेच करत हुतो. एकदा दारात पाऊल टाकलं, तर पोरगी आईच्या मागं लपली. तवापासनं सगळं हितं टाकूनच जातो."

एवढ्यात डिकीत मोबाइल वाजला. "सायेबच असणार," म्हणत त्यानं तो वाजू दिला. हेल्मेट काढून चेहरा माझ्यापुढं धरला. "खरं सांगा, घरी न्यायजोगं झालं का हे तोंड?"

कपाळावर आठी तशीच होती. एरवी मी बिनदिक्कत थाप मारली असती; पण पोरीचा प्रश्न होता. मी छाती फुगवली, साहेबी आवाज काढला आणि म्हणालो, "पाच मिनिटं बसा!"

तो खदाखदा हसला. ते हसू तोंडावर असतानाच त्यानं हेल्मेट आरशाला अडकवलं आणि स्कूटर घराकडं पळवली. डिकीत मोबाइल वाजतच होता.