पोळीतून दिसणारं चर्च

माझी बायको आर्जिया बोलोन्या शहरात पन्नास वर्षं पास्त्यासाठी अंडी घालून मळलेल्या कणकेच्या पोळ्या लाटत आली. पोळी खिडकीशी धरायची. तिच्यातून टेकडीवरचं सान लुकाचं चर्च दिसलं, तरच ती पुरेशी पातळ, अशी इथली जुनी पारख.

त्या सकाळी खिडकीशी धरून बघत, पुन्हा पुन्हा लाटता लाटता तिसरी पोळी फाटली.

“चर्च दिसतच नाही रे. हात गेले माझे!”

“अगं, मला दिसत होतं की.”

“तू गप्प बस! तुला ताटातलं मीठ दिसत नाही, चर्च कुठलं दिसतंय!”

मी पोळी बाजूला केली. आर्जिया उघड्या खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “आज धुकं आहे ना रे?”

“हो, दाट आहे,” मी म्हणालो.

तिनं उन्हानं तापलेल्या चौकटीवर पिठाचा हात टेकला आणि ती रडायला लागली.