दुसरी खुर्ची

"विज्ञानात पहिली आली, बरं झालं. पण उपेग काय? अर्धाच कोयता हाय. यंदा उजवून टाका, पुरा करा!"

शाळेचे अध्यक्ष आण्णा हे माइकवर बोलले. बक्षिसाचा पेला माझ्या हातात होता. चौसाळ्याजवळचं आमचं गाव, समोर मांडवभर माणसं. सगळे हसले. मागं उभा असलेला माझा बापही हात जोडून हसला. त्या हसण्याची शिसारी अजून जात नाही.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस अर्धा. मुकादमाला जोडी लागते, म्हणून आमच्याकडं पोरींची लग्नं तोड सुरू व्हायच्या आत उरकतात.

बापानं लगेच स्थळ आणलं. पाहुणे बाहेर बसले, मी चुलीपुढून हललेच नाही.

"कावून उठंना गं?" बाप आत येऊन खेकसला.

"मी कोयता व्हणार न्हाई. अर्धा बी न्हाई, पुरा बी न्हाई."

मार खाल्ला. लई खाल्ला. पण पाहुणे गेले, आणि मी वसतिगृह गाठलं.

पुढं भौतिकशास्त्र. प्रकाशावर काम केलं, परदेशात शिकवलं, आता तिथल्या एका विद्यापीठाची कुलगुरू आहे. माझा रंग आणि उच्चार पाहून नाकं मुरडणारे तिथंही भेटले. त्यांनाही ऐकवायचं ते ऐकवलं.

यंदा शाळेनं सत्काराला बोलावलं. नव्या प्रयोगशाळेला माझं नाव द्यायचं होतं. अध्यक्ष तेच आण्णा. थकलेत, पण मिशीचा पीळ तसाच. व्यासपीठावर मधोमध दोन खुर्च्या.

"जोडीनं सत्कार करायचा व्हता. पाव्हणे न्हाई आले?"

"मी लग्न केलं नाही."

शाल उलगडता उलगडता आण्णा खो खो हसले. "म्हंजी अजून अर्धीच की!"

किळस आली. शेजारचे पुढारी दात काढत होते. समोर नववी-दहावीच्या पोरी खाली माना घालून बसल्या होत्या, मी बसायचे तशाच.

शाल आण्णांच्या हातातून घेतली आणि दुसऱ्या खुर्चीवर टाकली. माइक ओढला. आण्णांचं तेव्हाचं बोलणं आणि आत्ताचं, शब्दन् शब्द म्हणून दाखवलं.

"या शाळेतली एक जरी पोरगी कोयत्यासाठी उजवली जात आसंल, तर माझं नाव या भिंतीला लागणार न्हाई."

व्यासपीठामागच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझ्या नावाची पाटी आधीच ठोकलेली होती, वर हार घातलेला. "उतरवा ती," मी शिपायाला म्हणाले. तो आण्णांकडं बघायला लागला. मी स्टूल ओढून त्याच्यापुढं ठेवलं, आणि पाटी खाली येईपर्यंत तिथून हलले नाही.