पडवीत गोठलेला नमुना

ॲडलीन वासिलीना आमच्या शाळेची बस चालवायची. मी त्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा ती आधीपासून होती, आणि मी निवृत्त झाले तेव्हाही होतीच. बुटकी, रुंद खांद्यांची, डोक्यावर नेहमी नवऱ्याची जुनी टोपी. मुलं दंगा करायला लागली तर ती ओरडत नसे. बस कडेला घ्यायची, इंजिन चालू ठेवायचं आणि समोरच्या पांढऱ्या शेतांकडे बघत बसायचं. मुलं आपोआप गप्प व्हायची. तेव्हा तू मनात काय म्हणतेस, असं मी तिला एकदा विचारलं होतं. रात्रीला काय रांधायचं ते ठरवते, असं तिचं उत्तर होतं.

तिचा नवरा नेस्टर पंचायतीचं रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा. हिवाळ्यात बर्फ काढायचा, उन्हाळ्यात खडी ओढायचा. दोघांनी लग्नानंतर गावाच्या टोकाला स्वतःच्या हातांनी घर बांधलं होतं, मागे रास्पबेरीची रांग आणि बटाट्याचा वाफा. या घरातून मी आडवीच बाहेर पडेन, असं ॲडलीन पाहुण्यांना हसत सांगायची. आमचं सोकोलिव तसं लहान. घरं थोडी, शेतं अफाट, आणि मोठं इस्पितळ सॅस्काटून शहरात, रस्ता चांगला असेल तर साडेतीन तासांवर.

पाठदुखीसाठी केलेल्या तपासणीत नेस्टरच्या डाव्या किडनीत गाठ दिसली. कॅन्सर होता. किडनी काढली, कॅन्सर सगळा निघाला असं डॉक्टर म्हणाले. आता प्रश्न उरलेल्या किडनीचा होता. काहींची ती एकटी निमूट काम करते, काहींची दोन-चार वर्षांत थकते. नेहमीच्या रक्ततपासणीत किडनी बिघडलेली दिसते. बिघडायला निघालेली दिसत नाही. इस्पितळात नवीन तपासण्यांचा अभ्यास चालू होता. ताणाखाली आलेली किडनी लघवीत काही प्रथिनं सोडते, ती मोजून येणाऱ्या आकड्यावरून पुढचा अंदाज बांधायचा. नेस्टरने त्यात नाव दिलं. नाही तरी लघवी रोज वायाच जाते, त्याने मला सांगितलं.

त्या आकड्यावर घर टांगलेलं होतं. आकडा वाईट आला तर दरमहा इस्पितळाची फेरी, पुढे कदाचित डायलिसिस, आणि हे सगळं हिवाळ्यात साडेतीन तासांवरून होण्यासारखं नव्हतं. त्यांची मुलगी लॅरिसा सॅस्काटूनला राहते. तिने इस्पितळाजवळ तळमजल्यावर एक जागा बघून ठेवली होती. आकडा येऊ दे, मग बोलू, असं ॲडलीन तिला फोनवर सांगायची आणि विषय बदलायची.

नमुना म्हणजे दिवसभराची सगळी लघवी एका मोठ्या नारिंगी बाटलीत जमवायची. तो दिवस नेमका, जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत येणाऱ्या आमच्या नाताळच्या आदल्या दिवशी आला. ॲडलीनचा फ्रिज गच्च भरलेला होता. वरेनिकींचे, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचे ट्रे, मासे, बिटाचं सूप. नर्सने सांगितलं होतं, बाटली थंड ठेवा. आमच्याकडे थंड म्हणजे मागची पडवी. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत प्रत्येकाची पडवी हाच दुसरा फ्रिज असतो. तिने बाटली तिथे सुपाच्या पातेल्याशेजारी ठेवली, वर फडकं टाकलं. त्या रात्री पारा उणे पस्तिसाच्या खाली गेला. सकाळी बाटली दगड झाली होती. ॲडलीनने ती कोमट पाण्याच्या टबात उभी केली आणि वितळेपर्यंत हलवत बसली.

“माझ्या आईने मला इतक्या प्रेमाने कधी अंघोळ घातली नाही,” नेस्टर म्हणाला. मग ती बाटली मांडीशी धरून तो शहरात देऊन आला. तिथे त्याला कोणी काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

महिनाअखेरीस आकडा आला. कमी, म्हणजे चांगला. वर्षातून एकदा किडनी तपासली तरी चालेल, गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या, एरवी किडनीला जड, अधूनमधून घ्यायलाही हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लॅरिसाने जागा सोडून दिली. नेस्टरने पंचायतीला आणखी एक हिवाळा काम करीन म्हणून शब्द दिला. ॲडलीन माझ्याकडे वरेनिकींचा डबा घेऊन आली आणि दारातच म्हणाली, “राहतोय.” तिला आनंद झाला की ती एका शब्दावर येते.

एप्रिलमध्ये कॅन्सर परत आलेला नाही ना, हे बघायला नेस्टरचा स्कॅन होता. तो आत गेला. ॲडलीन दोघांचे कोट मांडीवर घेऊन बाहेर बसली होती. पलीकडे रोवेना नावाची नर्स एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला तशीच नारिंगी बाटली देत होती.

“आजोबा, फ्रिजमध्येच ठेवायची हं. बाहेर थंडीत नाही. गोठली की आम्हाला हवं ते प्रथिन तुटतं, आकडा कमी येतो, आणि आम्ही इथे खूश होऊन बसतो.”

“बायकोच्या केकशेजारी ठेवली तर मलाच बाहेर ठेवील ती,” म्हातारा म्हणाला. रोवेना हसली. आजूबाजूची माणसंही हसली.

ॲडलीन उठली नाही. नेस्टर बाहेर आला, स्कॅन स्वच्छ होता, दोघांनी नेहमीच्या ठिकाणी सूप घेतलं आणि ती गाडी चालवत घरी आली.

त्याच आठवड्यात तिने हे मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. आवाजात चढउतार नव्हता. बसचं टायर बसलं हे सांगावं तसं तिने सांगितलं. दातवाल्याने भुलीची सुई दिल्यावर अर्धा चेहरा आपला नसतो, तसं झालंय, ती म्हणाली, फक्त चेहऱ्यापुरतं नाही.

“नेस्टरला माहीत आहे?” मी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मग काय. बियाण्याचे बटाटे आलेत.”

तिने चहा संपवला, स्वतःचा कप धुतला आणि गेली. सांगायचं ते तिला ठाऊक होतं.

बर्फ गेला. तिने बटाटे लावले, वाटाण्याला काठ्या रोवल्या. नेस्टर खडीच्या कामाला लागला. यंत्राच्या धक्क्यांनी त्याचा गुडघा सुजायचा, आणि अधूनमधूनच्या गोळ्या रोजच्या झाल्या. ॲडलीन रस्त्यात भेटली की हवेबद्दल बोलायची. एकदाच म्हणाली, तो गोळी घेतो तेव्हा मी त्याच्या गळ्याकडे बघते.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी नेस्टर जेवायला बसला आणि त्याने तिच्याकडे गोळ्यांची डबी मागितली. डबी तिच्या हाताशी होती. तिने ती उचलली, पण दिली नाही. हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं सांगणं जुळतं.

“नेस्टर, नाताळात तुझी बाटली पडवीत गोठली होती.”

“गोठली होती. तूच अंघोळ घातलीस तिला.”

“गोठली की आकडा कमी येतो. नर्स सांगत होती, मी ऐकलं.”

त्याने चमचा ताटात ठेवला. “म्हणजे तो चांगला आकडा माझा नव्हता.”

“पडवीचा होता.”

“तू मुद्दाम ठेवलीस?”

“नाही.”

“मग झालं.”

“नाही झालं. एप्रिलपासून मला माहीत आहे. गप्प बसले ते मुद्दाम. जायचं नव्हतं मला इथून.”

नेस्टर म्हणाला, “मलाही कुठे जायचंय, ड्रायव्हर.” तो तिला ड्रायव्हरच म्हणतो. मग त्याने कोबीच्या पानातला भात संपवला, आणि गोळी मागितली नाही.

सकाळी तिने रोवेनाला फोन केला. रोवेना म्हणाली की बाटली घेताना आम्हीच विचारायला हवं होतं, आणि त्या गोळ्या आजच बंद करा. दुसरा नमुना फ्रिजमध्ये मधल्या फळीवर ठेवला. ॲडलीनने बाकीची भांडी काढून ती फळी रिकामी केली होती. जूनमध्ये आकडा आला. पहिल्याच्या कितीतरी पट. ही शिक्षा नव्हे, अंदाज आहे, डॉक्टर समजावत होते. उरलेली किडनी धडपडते आहे; दरमहा बघू, मीठ आणि गोळ्या सांभाळू, लवकर कळलं ते बरं झालं. यंत्र कधीपर्यंत चालवू, असं नेस्टरने विचारलं. डॉक्टर त्याला हिवाळ्यातल्या रस्त्याबद्दल विचारू लागले. नेस्टरला उत्तर कळलं. दुसऱ्या दिवशी पंचायतीत जाऊन त्याने आपला शब्द परत घेतला.

ऑगस्टमध्ये घर विकलं. लॅरिसाने बघितलेली तळमजल्याची जागा कधीच गेली होती. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची मिळाली. चर्चच्या बायकांनी निरोपाचा चहा ठेवला. त्या रडल्या. ॲडलीनने त्यांना काकडीच्या लोणच्याच्या बरण्या वाटल्या आणि झाकण कसं सोडवायचं ते प्रत्येकीला दाखवलं. बटाटे काढायच्या आधीच निघावं लागलं होतं. नव्या लोकांनी आठवणीने दोन पोती पाठवली. तिने त्यातला एकही सोलला नाही, मजल्यावरच्या शेजाऱ्यांना देऊन टाकले.

नोव्हेंबरात मी त्यांच्याकडे गेले. नेस्टर खाली पत्ते खेळत होता. खाली एक इस्टोनियन म्हातारा आहे, तो लबाडी करतो, म्हणून नेस्टरला तो आवडतो. किडनीचं विचारलं. खालावते आहे, ॲडलीन म्हणाली, पण सावकाश. गोळ्या चालू राहिल्या असत्या तर कुठे असती कोण जाणे, असं डॉक्टर म्हणतात. तिने मला केक वाढला. खिडकीत एक कुंडीही नव्हती.

“आठवण येते का, असं सगळे विचारतात,” ती म्हणाली. “येत असेल. त्या संध्याकाळी मी डबी त्याच्या हातात दिली असती, तर आज मी तिथे असते. तो किती दिवस असता, माहीत नाही. हे मी रोज एकदा मनात म्हणून बघते, काही वाटतं का ते.”

“वाटतं?”

पत्ते संपवून वर आलेल्या नेस्टरने दारातून हाक मारली, ड्रायव्हर, तपासणीला रक्त द्यायची वेळ झाली, उशीर केलास तर त्या इस्टोनियनचं पाठवीन.

“अजून नाही,” ॲडलीन मला म्हणाली, आणि त्याचा कोट काढायला उठली.